श्रवणयंत्राची पारख : आवाजाची स्पष्टता आणि रोजचा वापर

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीची अडचण घरात सहसा लक्षात येत नाही. मासळीच्या लिलावात पुकारलेला आकडा ‘सात’ होता की ‘साठ’, हे तिला उमगत नाही. एस.टी. स्थानकावरील घोषणेचा नुसता गलबला कानी पडतो. वादळाची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली गेली, तरी ती तिच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. अशा व्यक्तीला श्रवणयंत्र मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्र पेटीत पडून राहिले, तर प्रश्न आहे तेथेच राहतो. म्हणून यंत्र निवडताना त्यातून शब्द स्पष्ट कळतात काय आणि रोजच्या कामात ते कानात टिकते काय, या दोन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत.

मोठा आवाज आणि स्पष्ट शब्द

बोलण्यातील स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, तर स, श, त, थ, फ अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीतील ध्वनींवरून होते. वार्धक्यामुळे आणि यांत्रिक होडीच्या इंजिनासारख्या सततच्या गोंगाटामुळे बहुधा वरच्या पट्टीचे ऐकणे आधी मंदावते. त्यामुळे ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार वारंवार केली जाते. सर्वच ध्वनी सारखे वाढविणाऱ्या साधनाने ‘थळ’ आणि ‘फळ’ यांतील ‘अ’ मोठा होतो, पण थ आणि फ यांतील भेद अस्पष्टच राहतो.

डिजिटल श्रवणयंत्र आवाजाचे निरनिराळ्या पट्ट्यांत विभाजन करते आणि जेथे उणीव असेल तेथे आवश्यक तेवढीच वाढ देते. मात्र त्यासाठी श्रवणतज्ज्ञाने दोन्ही कानांची तपासणी करून श्रवणालेख काढणे आणि त्यानुसार यंत्र जुळवून देणे आवश्यक असते. तपासणीविना बाजारातून घेतलेल्या ध्वनिवर्धकाच्या अतिमोठ्या आवाजाने उरलेल्या श्रवणशक्तीलाही अपाय होऊ शकतो. कान वाहत असल्यास किंवा अचानक ऐकू येईनासे झाल्यास प्रथम वैद्यकीय उपचार घ्यावेत.

यंत्रांचे प्रकार

खिशात ठेवण्याचे यंत्र आकाराने मोठे असते. त्याची बटणे थरथरत्या हातांनाही सापडतात आणि त्यात बहुधा गावच्या दुकानात मिळणारा पेन्सिल सेल चालतो. परंतु कपड्यांची घासघास त्यात ऐकू येते आणि वायर तुटण्याचा संभव असतो.

कानामागचे यंत्र अधिक तीव्र बहिरेपणातही उपयोगी पडते. मुलाचा कान वाढला की केवळ कानातील साचा बदलावा लागतो. मात्र त्याचा मायक्रोफोन उघड्यावर असल्याने खाडीवरचा वारा त्यात घोंघावतो.

कानाच्या आत बसणाऱ्या यंत्राला कानाच्या पाळीचा आडोसा मिळतो, त्यामुळे वाऱ्याचा उपद्रव कमी होतो. पण घाम आणि मळ यांमुळे ते लवकर तुंबते, त्याचा सेल अगदी बारीक असतो आणि तीव्र बहिरेपणाला ते सहसा पुरत नाही.

दमट हवा आणि वीज

खारी हवा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस हे किनाऱ्यावर यंत्राचे मोठे शत्रू होत. रात्री यंत्र काढून कोरड्या फडक्याने पुसावे आणि सेलचे दार उघडे ठेवून ते सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. यंत्र चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये. साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला, तरी आवाज बंद होतो. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते टाकून देऊ नये.

जस्त-हवा प्रकारचा सेल त्यावरील पट्टी काढताच हवेने कार्यान्वित होतो. नंतर तो वापरला नाही, तरी झिजत राहतो. यंत्राच्या आकारानुसार तो काही दिवसांपासून सुमारे दोन आठवड्यांपर्यंत चालतो. लहान मुलाने असा सेल गिळल्यास जिवाला धोका असतो. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पुन्हा भारित करता येणाऱ्या यंत्रात सेल बदलण्याचा त्रास नाही, परंतु ते रोज विजेवर ठेवावे लागते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावरील अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. हा अनुभव ध्यानी घेऊनच निवड करावी.

तुलना कशी करावी

दोन यंत्रांची तुलना करावयाची असल्यास दोन्ही यंत्रे एकाच श्रवणालेखानुसार जुळविलेली असावीत. घरातील एकाच व्यक्तीने ओठ कागदाआड ठेवून सात-साठ, थळ-फळ, खण-फण असे वीस शब्द नेहमीच्या आवाजात उच्चारावेत आणि किती बरोबर ओळखले गेले याची नोंद ठेवावी. प्रथम शांत खोलीत एक मीटरवरून, नंतर तीन मीटरवरून, त्यानंतर पंखा चालू ठेवून किंवा बाजारात आणि शेवटी धक्क्यावरच्या वाऱ्यात हीच चाचणी घ्यावी. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे जवळून चांगले वाटणारे यंत्र दुरून अपुरे पडू शकते.

यानंतर वापरणाऱ्याने यंत्र स्वतः कानात घालून आणि सेल स्वतः बदलून पाहावा. यंत्र शिट्टी मारत असेल, तर साचा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे, असे समजून तपासणी करावी. नव्या आवाजाची सवय होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या कंटाळ्यावरून निर्णय घेऊ नये.

शाळा आणि ग्रामपंचायत

बालकाच्या बाबतीत विलंब फार महाग पडतो, कारण भाषा शिकण्याची सुरुवातीची वर्षे परत येत नाहीत. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. शिक्षकांनी रोज सकाळी तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी उच्चारावेत आणि यंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ते म्हणावयास सांगावे. नेहमी येणारा एखादा ध्वनी चुकला, तर त्याच दिवशी सेल आणि साचा पाहावा.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या साहाय्यक उपकरण योजनेत श्रवणयंत्रांचा समावेश आहे. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतही ते समाविष्ट करण्यात आले. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणी आणि प्रशिक्षणाचे कार्य करते. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कमी’ या गटात येते. तथापि, त्याहून कमी हानी असलेल्यांनाही यंत्राची गरज भासू शकते. तेव्हा केवळ प्रमाणपत्र नाही, म्हणून कोणाला तपासणीपासून परावृत्त करू नये.

वाटप शिबिराच्या नोंदवहीत ग्रामपंचायतीने आणखी एक रकाना ठेवावा. पावसाळा संपल्यावर घरोघरी जाऊन यंत्र कानात आहे की पेटीत, याची त्यात नोंद करावी. पेटीत असल्यास सेल, साचा, दमटपणा किंवा चुकीची जुळवणी यांपैकी कारण शोधून ते दूर करणे बहुधा शक्य असते. शिबिराचे यश किती यंत्रे वाटली यापेक्षा या रकान्यावरून अधिक खरेपणाने कळेल.