बिटकॉइनची राखण : खर्च किती, कशावर?

जानेवारी २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्यातून एका शेअर व्यावसायिकाला पळवून नेलं. मागणी होती तीनशे कोटींच्या बिटकॉइनची. आठ जण पकडले गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कट रचणारा त्यांच्याच दलातला एक शिपाई होता. पुण्याच्या सायबर शाखेत असताना त्याला या नाण्यांचा सुगावा लागला होता.

बुलढाणा, मलकापूर, चिखलीत क्रिप्टो बाळगणाऱ्यांनी खर्चाचा हिशेब इथून सुरू करावा. खामगावची चांदी चोरली तर चोराला ती विकायला कुणीतरी सराफ गाठावा लागतो. बिटकॉइन मिनिटांत दुसऱ्याच्या नावे जातो आणि परत येत नाही. चोराला हवा असतो तुमचा पासवर्ड. तेव्हा कॅमेऱ्यांवर दहा-पंधरा हजार घालण्याआधी एवढं बघा, की कुणी गळ्याला सुरा लावला तरी तुम्हाला रात्रीतून सगळं देताच येऊ नये.

रक्कम लाखाच्या आत असेल तर काही विकत घेऊ नका. वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदलेल्या एक्स्चेंजवर ठेवा आणि ठरावीक पत्त्यांवरच पैसे काढता येतील अशी सोय असेल तर ती चालू करा. ती फुकट असते. जोखीम अर्थात उरतेच : जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली.

रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र घ्या, साधारण सात-आठ हजारांपासून पुढे. पार्सल घरी मागवू नका; कुरिअरवाल्याला अख्खं गाव ओळखतं. २०२० मध्ये अशी वॉलेट बनवणाऱ्या लेजर या कंपनीच्या अडीच लाखांहून अधिक ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले होते.

वॉलेटसोबत बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात, तीच खरी किल्ली. कागद भिजतो, जळतो. स्टीलची पट्टी आणि अक्षरं ठोकायचे पंच हार्डवेअरच्या दुकानात फार महाग पडत नाहीत. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. ठोकायची मात्र स्वतःच. भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे ती पट्टी नेलीत तर सगळा खर्च पाण्यात.

पट्टी आणि वॉलेट दोन्ही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. निमशहरी शाखेत लहान लॉकरला वर्षाला साधारण दीड हजार आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. नक्की दर शाखेत विचारा. बँक तीन वर्षांच्या भाड्याइतकी मुदत ठेव मागू शकते. चोरी झाली किंवा आग लागली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच, म्हणजे दीड लाखाच्या आसपास. तरी माझं मत लॉकरच्या बाजूने आहे, कारण तो रात्री दोनला उघडत नाही. वारसाचं नाव लावायला विसरू नका. घरच्या फोनमध्ये हातखर्चापुरतीच नाणी ठेवा, वेळ आली तर देऊन टाकता येतील एवढीच.

तीनपैकी दोन किल्ल्या लागतील अशी रचनाही करता येते. तिला तीन यंत्रं, म्हणजे वीस-पंचवीस हजार. दहा लाखांच्या आत मला ती उधळपट्टी वाटते.

रोखीने यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घ्यायला हायवेवरच्या हॉटेलात अनोळखी माणसाला भेटणं हा सगळ्यात महाग सौदा. शिवाय दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे. आणि लग्नाच्या मांडवात नफ्याचे आकडे सांगणं बंद करा, त्याला तर दमडीही लागत नाही.

नफ्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर, विक्रीवर १ टक्का टीडीएस. विवरणपत्रात नोंद ठेवाच. लपवलेल्या पैशाचा मालक पोलिसांत जायला कचरतो, हे चोरालाही ठाऊक असतं.

तरीही कुणी धरलंच, तर मागेल ते द्या, जीव वाचवा. सुटल्याबरोबर ११२ लावा, मग सायबर हेल्पलाइन १९३०, आणि नाणी ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता एक्स्चेंजला त्याच दिवशी लेखी कळवा.