शेतांतील स्त्रियांची मजुरी

निंदणी, खुरपणी, वेचणी हीं कामें बायकांचीं म्हणून स्वस्त धरण्याची रूढी आपणांत फार जुनी आहे. पूर्वीं मोबदला बहुधा मालांत मिळे. कापणीस पेंढ्या, कापसास वेचलेल्या मालाचा वांटा. पुढें रोख रोज आला. परंतु स्त्रीचा रोज पुरुषाहून कमीच राहिला.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत सरकारी कामें निघालीं, तेव्हां खडी फोडण्यास व माती वाहण्यास स्त्रिया मोठ्या संख्येनें आल्या. समान मजुरीचा कायदा १९७६ सालीं झाला. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याखालीं मजुरी कामाच्या मापावर दिली जाऊं लागली.

तरी पुष्कळ शिवारांत हा भेद अद्याप आहे. दिवसभर वांकून केलेली खुरपणी हलकी, हें कोणत्या तराजूनें ठरलें? निंदणी लांबली तर तण पिकाचा घास खातें, हें आपण जाणतोंच. तेव्हां वेळेवर येणाऱ्या हातांस पुरा रोज देणें हा दानधर्म नव्हे. तो शेतीचा खर्चच होय.

वेचणीचा दाम वजनावर देतों, तेथें हा प्रश्न उद्भवत नाहीं. रोजाच्या कामासही हाच न्याय लावावा आणि हजेरीच्या वहींत दर माणसावर न लिहितां कामावर लिहावा, अशी आमची सूचना आहे.