एसईओला पैसे द्यावेत का? हापूस विकणाऱ्यांसाठी एक कृती

मोहोर दिसायला लागला की आंबा बागायतदारांचे फोनही वाजायला लागतात. ‘तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, महिन्याला अमुक इतके.’ हेच एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत साइट वर आणण्याचं काम, आणि फोन करणारी ती एजन्सी. देवगड-रत्नागिरीकडची बरीच मंडळी आता वाशीच्या दलालाला बगल देऊन थेट गिऱ्हाइकाला पेटी पाठवतात. त्यांना हा मोह पडणं साहजिक आहे. पैसे द्यायचे की नाही हे फोनवरच्या माणसाला ठरवू देऊ नका. पुढची कामं याच क्रमाने करा, उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

सगळ्यात आधी वही घ्या आणि एका पेटीमागे हातात नक्की काय उरतं ते काढा. फवारणी, राखण, काढणी, पुठ्ठ्याची पेटी, वाहतूक आणि वाटेत खराब होणारी फळं, सगळं वजा करा. समजा 400 रुपये उरले. एजन्सी महिन्याला 15,000 मागते, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17,700. ताज्या आंब्यावर जीएसटी नसल्यामुळे हा भरलेला कर तुम्हाला वळताही करून घेता येत नाही. आठ महिन्यांचे झाले 1,41,600 रुपये. भागिले 400, म्हणजे 354 पेट्या. या पेट्या नव्या गिऱ्हाइकांना गेल्या पाहिजेत, आणि त्याही गूगलवरून आलेल्या. दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काका, दोन पेट्या’ म्हणणारे त्यात धरायचे नाहीत. तुमच्या बागेचा सगळा माल 300 पेट्यांचा असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. नवं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं हे खरं, पण किती येतात ते तुमच्या जुन्या वहीवरून ठरवा, एजन्सीच्या अंदाजावरून नको.

आकडा जमण्यासारखा वाटला तर लोक तुमची वस्तू शोधतात का ते बघा. गूगल ट्रेंड्स फुकट आहे. त्यात देवगड हापूस, रत्नागिरी हापूस, आंबा पेटी दर असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाका, गेल्या पाच वर्षांचा आलेख काढा. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत तेच शब्द शोधा आणि पहिल्या पानावर कोण बसलंय ते नीट पाहा. वर जाहिराती, खाली मोठ्या ऑनलाइन दुकानांची पानं, असं असेल तर ‘हापूस आंबा’ या उघड्या शब्दाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ‘कोथरूडला घरपोच देवगड हापूस’ असं शोधणारे कमी असतात, पण ते घेणारे असतात.

आता फुकटची कामं. इथे घाई करू नका. एजन्सी पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक हीच कामं करून बिल लावते.

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आहे का ते तपासा. वेबसाइट पुतण्याच्या मित्राने करून दिली असेल तर हे आजच करा. मग गूगल सर्च कन्सोलमध्ये साइट जोडा. एखाद्या पानाचा पत्ता तिथे टाकला की ते पान गूगलच्या नोंदीत आहे की नाही हे कळतं. बागेत किंवा पॅकिंगच्या जागी गिऱ्हाईक येत असेल, किंवा तुम्ही स्वतः घरपोच देत असाल, तर गूगल बिझनेस प्रोफाइलही काढा. फक्त कुरिअरने माल पाठवणाऱ्याला ती सोय नाही.

पानावर दर, पेटीतली फळं, फळाचं वजन, कोणत्या शहरात किती दिवसांत पोचतं, हे सगळं अक्षरांत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं रंगीत पोस्टर तसंच चिकटवू नका. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तो क्रमांक ठळक द्या. आणि हंगाम संपला की आंब्याचं पान काढून टाकून पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं करण्याची पद्धत सोडा. तेच पान ठेवा, ‘बुकिंग फेब्रुवारीत सुरू’ असं लिहा, जुन्या पानाने कमावलेली पत टिकते. ‘आंबा कसा पिकवावा’ छापाचे लेख मात्र बेताने. ऑगस्ट 2024 पासून गूगल भारतातही अशा प्रश्नांची उत्तरं एआयकडून वरच्या वर देऊ लागलं आहे, वाचणारा तुमच्यापर्यंत येतोच असं नाही.

एक हंगाम जाऊ द्या. मग सर्च कन्सोलमध्ये कोणते शब्द शोधून लोक आले ते वाचा. त्यातून तुमच्या बागेच्या नावाने आलेले वेगळे काढा, ते तुम्हाला ओळखतच होते. उरलेल्यांत ‘दिसलं खूप वेळा, क्लिक थोडे’ असं चित्र असेल आणि स्थान दहाव्या-विसाव्या क्रमांकाच्या आसपास असेल, तर पैसे देऊन मदत घेण्यात अर्थ आहे. काहीच दिसत नसेल तर आधी पानं सुधारा.

मदत घेताना महिन्याचा करार लगेच करू नका. एकदाच पैसे देऊन साइटची तपासणी करून घ्या, काय बदलायचं ते लेखी मागा, आणि त्यासाठी सर्च कन्सोलची फक्त पाहण्यापुरती परवानगी द्या. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. दुसऱ्या साइटवरच्या लिंक कुठून आणणार, हे हटकून विचारा. विकत घेतलेल्या लिंकमुळे 2011 मध्ये जेसी पेनी या अमेरिकेतल्या बड्या दुकानसाखळीला गूगलने निकालांत खाली ढकललं होतं. बागायतदाराची काय कथा!

आठ महिन्यांचा करार करायचाच तर जूनमध्ये, आंबा आटोपल्यावर. बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगल सांगतं. फेब्रुवारीत सही करून एप्रिलच्या पेट्या विकण्याचं स्वप्न पाहणं म्हणजे पावसाळ्यात कलम लावून दिवाळीला फळ मागणं. तेवढ्या घाईला जाहिरात बरी. पैसे थांबले की गिऱ्हाईकही थांबतं, पण निदान त्याच हंगामात हिशेब कळतो. करारात तीन तपासण्या लिहून घ्या: डिसेंबरअखेर साइट किती वेळा दिसली, मार्चमध्ये क्लिक किती, मेअखेर नव्या पेट्या किती. तिसरा आकडा एजन्सीच्या अहवालात नसतो. तो तुम्हीच काढायचा, म्हणून ऑर्डर घेताना प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारून वहीत नोंदवा. 354 च्या जवळपासही गाडी गेली नाही तर करार पुन्हा करू नका, आणि त्याच दिवशी साइट आणि सर्च कन्सोलमधून एजन्सीचं खातं काढून पासवर्ड बदला.