*फवारणीआधी पंप तपासा : गळका पंप पाठीवर घेऊ नका*



पोळा जवळ आला की पऱ्हाटीवर फवारणीचा जोर वाढतो. औषध कोणतं मारायचं हे आपण चार जणांना विचारतो, पंप मात्र मागच्या वर्षी ठेवला तसाच काढतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. विषबाधेची कारणं अनेक असतात. पण गळका पंप दुरुस्त करणं आपल्याच हातात आहे. औषध फक्त श्वासातून जात नाही, भिजलेल्या सदऱ्यातून कातडीवाटेही अंगात जातं.

*१) आधी साध्या पाण्यावर चालवा*
टाकीत ५ लिटर स्वच्छ पाणी घ्या, पंप सुरू करा आणि ट्रिगर बंद ठेवा. झाकण, टाकीचा तळ, नळीचे जोड, ट्रिगर आणि नोझल कोरड्या फडक्यानं पुसून २ मिनिटांनी पुन्हा पाहा. बॅटरी पंपात प्रेशर स्विच असेल तर ट्रिगर बंद केल्यावर मोटर थांबली पाहिजे. थांबून थांबून आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. वायसर किंवा नळी बदला. चिंधी, सुतळी बांधून काम भागवू नका. पट्टे आणि हूकही ओढून पाहा.

*२) नोझल मोजा*
नवीन नोझलमधून १ मिनिटात पडणारं पाणी मापात धरा, मग जुन्याचं धरा. जुन्यातून १० टक्क्यांहून जास्त पडत असेल तर ते झिजलं, बदला. उदा. नवीन ५०० मिली, जुनं ६०० मिली. म्हणजे १० पंपात होणारा एकर १२ पंप खातो, २ पंपाचं औषध वाया. नोझल तुंबलं तर जुन्या टूथब्रशनं धुवा. तार, खिळा घातला की भोक मोठं होतं. *तोंडानं फुंकू नका.*

*३) तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा*
टू-फोर-डी मारलेला पंप कपाशीवर वापरला तर उरलेल्या थोड्याशा अंशानंही पानं चिंचोळी होतात, भेंडीच्या पानासारखी दिसतात. झाडाची वाढ बिघडते. पंपावर रंगानं ‘तण’ असं मोठं लिहून ठेवा. बाकी पंप दर फवारणीनंतर ३ वेळा धुवा, नळी आणि नोझलमधूनही पाणी काढा. ते पाणी विहीर, नाला, गुरांच्या पाणवठ्यापासून लांब टाका.

*४) बॅटरी*
काम झालं की त्याच दिवशी चार्ज करा, चार्जर पंपासोबत आलेलाच वापरा. पंप धुताना स्विच आणि चार्जिंगच्या जागेवर पाणी मारू नका. हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की बसते.

*५) पेट्रोलचा पंप, ग्रास कटर*
टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल मिसळलेलंच पेट्रोल घाला, प्रमाण पुस्तिकेत दिलेलं घ्या. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो. एअर फिल्टर आणि प्लग साफ ठेवा. ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर चिकटत नाही.

⚠️ *फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ, दम लागणं असं काही झालं तर* लगेच थांबा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फवारणीला मजूर लावत असाल तर त्यांच्या पाठीवरचा पंपही आपणच तपासून द्यायचा. गळती सापडली तर जोडाचा फोटो ग्रुपवर टाका, कोणता भाग बदलायचा ते सांगू.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नागपूर