नोकरी बदलून बालगृहातील तरुणांसाठी काम करायचे असल्यास

बालगृहातला निवास साधारणपणे वयाच्या १८व्या वर्षी संपतो आणि मार्गदर्शकाची सर्वाधिक गरज तेव्हाच भासते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्यांसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात अशा तरुणांच्या निवासासाठी अनुरक्षणगृहेही आहेत. पण भाड्याची खोली, जातीचा दाखला, पहिली मुलाखत, पहिल्या पगाराचा हिशेब या गोष्टी घरातले कोणी तरी शिकवते, आणि या मुलांना ते घरच नसते. म्हणून बँक, कारखाना किंवा कार्यालयातला अनुभव इथे वाया जात नाही.

समुपदेशक किंवा परिविक्षा अधिकारी अशा पदांसाठी मात्र अनुभवाबरोबर बहुधा समाजकार्याचे किंवा तत्सम विषयाचे शिक्षण लागते. समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम (एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.ए.) दोन वर्षांचा असून टाटा समाजविज्ञान संस्था (मुंबई) आणि कर्वे समाज सेवा संस्था (पुणे) येथे तो शिकवला जातो.

राजीनाम्याआधी निदान वर्षभर सुट्टीच्या दिवशी एखाद्या संस्थेत नियमित काम करणे श्रेयस्कर. मार्गदर्शकाने अर्ध्यावर सोडल्यास आधीच अनेकांपासून दुरावलेली ही मुले फार दुखावली जातात. सुरुवातीचे वेतन बहुधा कमी असते. त्यामुळे घरखर्चाची तजवीज आधी करावी लागते. पोलीस पडताळणीची आणि संस्थेच्या बालसंरक्षण नियमांची पूर्तताही करावी लागते.