बाँडवर सही करायच्या आधी

परवा जाफराबादच्या स्टँडवर तू मला गाडीत बसवून द्यायला आलीस. मी चढले, जागा धरली, आणि खिडकीशी येऊन तू हळूच विचारलंस, "ताई, मालकाची माणसं दोन लाख देतो म्हणतात. पाचशेचा बाँड करून आणलाय. सही करू का?" तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली. "थांब, सही करू नको," एवढंच मला ओरडता आलं. जालना येईपर्यंत तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलला नाही. खिडकीतून बोलायची ही गोष्ट नव्हतीच, म्हणून सविस्तर लिहिते आहे. रात्री निवांत झालीस की वाच. मग तुझं तू ठरव.

काय घडलं, कसं घडलं, हे मी तुला विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तरी तू माझीच आहेस. एवढं मात्र मनात पक्कं धर, की चूक तुझी नव्हती. शेडनेटवर कामाला गेलीस ही चूक नव्हती. मालकाच्या गाडीतून घरी आलीस ही चूक नव्हती. लगेच बोलली नाहीस, हीही चूक नव्हती.

माझंही एक सांगते. हे मी आईलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या वरच्या माणसानं मला त्रास दिला. मोठं प्रस्थ होतं ते. मी राजीनामा दिला आणि कारण लिहिलं 'घरगुती अडचण'. इतकी वर्षं झाली, माझ्या हातचा त्या प्रकरणातला एकच कागद आहे आणि त्यावर खोटं लिहिलेलं आहे. म्हणून तुझ्या बाँडचं ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या बाँडवर काय लिहिलं असेल ते न वाचता सांगते. 'गैरसमजातून झालं, माझी काही तक्रार नाही, पुढे करणार नाही.' बाई, असला गुन्हा बाँडवर मिटत नाही. बलात्कार आपसात मिटवायची कायद्यानं मुभाच नाही, मग मध्ये सरपंच बसो, तंटामुक्तीवाले बसोत की पाहुणेरावळे. राजस्थानातल्या एका शिक्षकानं शाळकरी मुलीच्या बापाशी स्टँप पेपरवर तडजोड केली आणि उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द करून घेतला. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला आणि खटला पुन्हा उभा केला. मग हे लोक बाँड कशाला करतात? तुझं तोंड बंद करायला. आणि उद्या तू बोललीसच तर 'हिनं पैसे घेतलेत' म्हणून तोच कागद गावभर नाचवायला.

पण म्हणून पैशाचं नावच काढायचं नाही असं समजू नकोस. आपल्याकडे पोरींच्या डोक्यात पक्कं बसवलंय की पैसा घेतला म्हणजे अब्रू विकली. त्या भीतीनं कितीतरी जणी हक्काचंसुद्धा मागत नाहीत. तुझं काम गेलं, दवाखान्याचा खर्च झाला, झोप उडाली, शिक्षण मागं पडलं. हे नुकसान तुझ्या एकटीच्या पदरात का? चोरून, रात्री, बाँडवर दिलेले पैसे म्हणजे मिटवणं. न्यायालयानं किंवा तक्रार समितीनं लेखी आदेश देऊन द्यायला लावलेले पैसे म्हणजे भरपाई. त्या आदेशात लिहिलेलं असतं की अन्याय झाला.

बिल्किस बानोचं नाव तू ऐकलं असशील. गुजरातमध्ये २००२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, घरची माणसं मारली गेली. तिथं न्याय मिळणार नाही म्हणून २००४ मध्ये खटला मुंबईला आणला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं जन्मठेपा दिल्या. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या कायम केल्या आणि पुरावे दडपणाऱ्या पोलिसांना नि डॉक्टरांनाही दोषी धरलं. सरकारनं देऊ केलेले पाच लाख तिनं नाकारले. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पन्नास लाख, नोकरी आणि घर द्यायला लावलं. ते घेतल्यावर ती गप्प बसली का? २०२२ मध्ये आरोपींना मुदतीआधी सोडलं तेव्हा ती पुन्हा न्यायालयात गेली आणि ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द झाली. भरपाई घेऊनही बाई लढू शकते, हे तिनं दाखवलं.

रूपन देओल बजाज यांचा मार्ग निराळा. त्या आयएएस अधिकारी आणि समोर पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल. १९८८ मधल्या एका मेजवानीतला प्रसंग, आणि सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम केला २००५ मध्ये. सतरा वर्षं! भरपाईची रक्कम त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही, ती स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे गेली. एकीनं घेतली, एकीनं नाही. दोघींची मान ताठच. फक्त हे ठरवायचं त्यांचं त्यांनी, लोकांनी नव्हे.

आता तुझ्यासाठी दारं कोणती, ते सांगते.

पहिलं दार फौजदारी, म्हणजे पोलिसांचं. असा गुन्हा सांगितला तर त्यांना नोंदवावाच लागतो. घटना त्यांच्या हद्दीतली नसली तरी नोंदवून पुढं पाठवावा लागतो. तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. एफआयआरची प्रत तुला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. ठाण्यात दाद लागली नाही तर जालन्याला पोलीस अधीक्षकांना लेखी दे, तरी नाहीच तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. असा गुन्हा नोंदवायचं टाळणाऱ्या पोलिसालाच तुरुंगाची तरतूद आहे. दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार द्यायचेच असतात. बलात्कारासारख्या मोठ्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना मात्र जास्तीत जास्त तीन वर्षांची मर्यादा असते.

दुसरं दार कामाच्या जागेचं, आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. तुझ्या शेडनेटवर पाच-सात बाया परागीकरणाचं काम करतात. तिथं कसली आली तक्रार समिती, असं तुला वाटेल. पण कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ती सोय आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती ऐकते. प्रत्येक तालुक्याला तक्रार घ्यायला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो, त्यानं ती सात दिवसांत जिल्ह्याला पाठवायची. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साऱ्या देशाला बजावलं की ह्या समित्या आणि तालुक्याचे अधिकारी नेमा. तेव्हा जाफराबादला तो अधिकारी कोण, हे तहसीलमध्ये लेखी विचार. उत्तर मिळालं नाही तर जालन्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात दे. ही तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते.

ह्या कायद्यात भरपाई ठरवताना मनाला झालेला त्रास, बुडालेली संधी, औषधपाण्याचा खर्च आणि समोरच्याची ऐपत, हे सगळं बघतात. ऐपत लक्षात घे, म्हणजे मोठ्या माणसाला मोठी. त्यानं दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. ही वसुली म्हणजे काय ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं दार दिवाणी न्यायालयाचं. फौजदारीत संशयाला जागा राहिली की आरोपी सुटतो. दिवाणीत न्यायाधीश पाहतात की कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं. म्हणून तिथं नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, आणि त्यानं तुझ्या वाटेला जाऊ नये म्हणून मनाई हुकूमही मागता येतो. असे दावे आपल्याकडे फार थोड्या जणी लावतात आणि ते चालतात सावकाश, हे तुझ्यापासून लपवत नाही. मुदतही असते, साधारण तीन वर्षं, आणि बदनामीसाठी तर एकच वर्ष. म्हणून वकिलाला लवकर विचारायचं.

चौथं दार सरकारचं. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यांसाठी २०१३ पासून महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ती पाहतं, आणि गंभीर परिस्थितीत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायचं नसतं. जातीच्या जोरावर हे घडलं असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची मदत वेगळी, तीही टप्प्याटप्प्यानं मिळते. नागालँडमध्ये एका प्राध्यापकानं विद्यार्थिनीला फसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं खटला संपायच्या आधीच तिला महिन्याला हजार रुपये द्यायला लावले, १९९५ साली. तेव्हापासून हे तत्त्व आहे की निकालाची वाट बघत बाईनं उपाशी राहायचं नाही.

आणि वकिलाची फी? स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस विचार, किंवा १५१०० ला फोन लाव.

आता तुझ्या मनातलं खरं भय. "ताई, त्याचे हात लांब आहेत." आहेत, मान्य आहे. तुझा मालक पुढाऱ्यांत उठतो बसतो, त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तुला मथुरेची गोष्ट सांगते. १९७२ साली देसाईगंजला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मथुरा नावाच्या कोवळ्या वयाच्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणे, म्हणजे विरोध केला नसणार. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. अधिकाराच्या जोरावर केलेला अत्याचार हा जास्त गंभीर गुन्हा ठरला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा झाला. पुढे २०१३ मध्ये अशा गुन्ह्यांत सरकारी नोकरावर खटला भरायला वरिष्ठांची परवानगी लागणार नाही, हेही आलं. मथुरेचा निकाल मात्र बदलला नाही. तिला जे मिळालं नाही ते तुझ्या हातात आलं आहे, म्हणून ते तू वाया घालवू नयेस असं मला वाटतं.

तो म्हणेल, अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणींवर असाच खटला भरला होता. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की कित्येक वर्षांनंतरही स्त्री आपली तक्रार मांडू शकते. तरी तू फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काही टाकू नकोस. तुझं म्हणणं आधी ज्याच्यावर शिक्का बसतो अशा कागदावर येऊ दे.

त्याचा सगळा जोर तोंडी चालतो, हे तुझ्या लक्षात आलंय का? फोन, निरोप, मधला माणूस, 'बसून बोलू'. गावातल्या तोंडी गोष्टीवर त्याची हुकमत आहे. पण पोच घेतलेला अर्ज जालन्याला गेला, तिथून खंडपीठापर्यंत गेला, की तिथं त्याला कुणी 'भाऊ' म्हणत नाही. म्हणून एक वही कर. तारीख, वार, वेळ, कोण होतं, काय म्हणालं, आठवेल तसं लिही. विसरलं तिथं 'आठवत नाही' लिही, रचून काही लिहू नकोस. मेसेज पुसू नकोस, फोन विकू नकोस, कपडे धुतले नसतील तर तसेच कागदात बांधून ठेव. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत काढ आणि तिच्यावर शिक्का घे. मध्यस्थाला एकटी भेटू नकोस. जिवाची भीती वाटली तर ११२, बोलायला कुणी हवं असेल तर १८१.

आणि हे सगळं वाचून 'मला नाही जमणार' असं वाटलं तर तेही मला सांग. तुझ्यावर रुसणार नाही. लढायचं की नाही, कधी, कुठल्या दारानं, हे तूच ठरवायचं. मला फक्त एवढंच हवंय की भीतीपोटी, घाईत, मी लिहिलं तसं खोटं तू लिहू नयेस.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते. सोमवारी आपण दोघी मिळून विधी सेवेच्या ऑफिसात जाऊ, बोलायचं तूच, मी शेजारी बसेन. तोवर त्या बाँडवर सही करू नकोस, आणि रागानं फाडूही नकोस. त्याचा फोटो काढून मला पाठव आणि मूळ कागद पेटीत तळाशी ठेव. कोणी आणून दिला, कोणत्या दिवशी, ते वहीत लिही. तुला गप्प करायला त्यांनी स्वतःच्या हातानं आणलेला तो कागद आहे, तुझ्या बाजूचा पहिला पुरावा तोच ठरू शकतो.

तुझी,
ताई