‘कंपनी सूट देऊ देत नाही’ म्हणजे काय?

प्रश्न : नाशिकमधील दोन शोरूममध्ये एकाच गाडीचा भाव रुपयाचाही फरक न ठेवता सांगितला गेला. ‘जादा सूट दिली तर कंपनी दंड करते’ असे विक्रेता म्हणाला. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : वेष्टनावरची एमआरपी ही कमाल किंमत, तिच्याहून कमी भावात विकायला दुकानदार मोकळा असतो. उत्पादक खालची मर्यादा बांधतो तेव्हा मात्र दुकानादुकानांतली चढाओढच संपते आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा खिसा हलका होतो.

मारुती सुझुकीचे प्रकरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तक्रार उगवली ती एका डीलरच्या निनावी ईमेलमधून, आणि रोख होता मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्राकडे. कंपनीने नेमलेली माणसे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, सूट मागत आणि संभाषण गुपचूप रेकॉर्ड करत. ठरलेल्यापेक्षा जास्त सूट दिल्याचे आढळले की डीलरला दंड, शिवाय सेल्समनलाही! ऑगस्ट 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली.

त्याआधी सुटीवरच्या अशाच बंधनांच्या प्रकरणात 2017 मध्ये ह्युंदाईला झालेला 87 कोटींचा दंड अपिलात रद्द झाला होता. म्हणजे अशी बंधने आपोआप बेकायदा ठरत नाहीत. स्पर्धेला बाधा आल्याचे पुराव्याने दाखवावे लागते.

तेव्हा भाव लेखी मागा, शेजारच्या जिल्ह्यातही चौकशी करा आणि ‘कंपनीचा नियम’ सांगणाऱ्याकडून तो नियम कागदावर घ्या.